व्होल्ट, वॅट आणि दिगूचा नवस

इथल्या, बहारीनच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा असा फोन आला तेव्हा मी आधी हसलोच. म्हटलं, ताई, मी व्हेपच्या, म्हणजे ई-सिगरेटच्या दुकानात काउंटरवर बसणारा माणूस, माझं काय छापणार तुम्ही? आकाशकंदिलाशेजारी धुराचं चित्र काढणार? ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही लिहा, चित्राचं आम्ही बघतो. फक्त जाहिरात वाटेल असं लिहू नका."

घ्या! तर जाहिरात नाही. उलट वाचून कुणाला वाटलं की या वस्तूच्या नादीच लागू नये, तर माझी काही हरकत नाही. मी स्वतः कधी ओढली नाही. मी साताऱ्याकडचा, आयटीआय केलेला वायरमन. सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये मोटारी रिवाइंड करण्यात उमेदीची वर्षं गेली, मग कंबरही गेली, तेव्हा झिंजमधल्या या दुकानात आलो. मालक अबू खलील, बहारिनी माणूस, साधारण माझ्याच वयाचा. विकणारे त्याला पुष्कळ मिळत होते, दुरुस्त करणारा मिळत नव्हता. कराडला बायको शेजारणींना सांगते, यांचं तिकडे इलेक्ट्रॉनिक्सचं आहे. तिचंही काही चूक नाही. आपल्या देशात ही वस्तू विकायला बंदी आहे, त्यामुळे सुट्टीवर जाताना मी माझा धंदा इथेच ठेवून जातो.

आता धंद्यातलं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ही वस्तू म्हणजे एक बॅटरी, एक तारेचं छोटं वेटोळं, त्याला कॉइल म्हणतात, आणि कॉइलमध्ये खोचलेला कापूस. कापूस ज्यूसमध्ये भिजलेला असतो. बटण दाबलं की तार तापते, ज्यूसची वाफ होते, माणूस ती ओढतो. ज्यूसमध्ये बहुतेक वेळा निकोटिन असतं, म्हणजे तंबाखूतलं जे माणसाला धरून ठेवतं तेच. बस, एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळी रंगरंगोटी.

भांडण सुरू होतं ते सेटिंगवर. बऱ्याच मशीनमध्ये दोन पर्याय असतात, व्होल्ट किंवा वॅट. आणि जो येतो तो विचारतो, "काका, कशावर ठेवू?" मी प्रत्येकाला तव्यावरच समजावतो. व्होल्ट म्हणजे गॅसचं बटण किती फिरवलंय ते. वॅट म्हणजे तव्याचा प्रत्यक्ष ताव. तुम्ही बटण एका जागी ठेवलंत आणि जाड तव्याच्या जागी पातळ पत्र्याचा तवा ठेवलात, तर काय होईल? पोळी करपेल. बटण तिथेच आहे, पण तवा बदललाय. कॉइलचंही तसंच. कमी ओमची, म्हणजे वीज जास्त खेचणारी कॉइल बसवली आणि व्होल्ट तेच ठेवले की तार दुपटीनं तापते. वॅटवर ठेवलं तर ताव किती हवा ते तुम्ही सांगायचं, बटण किती फिरवायचं ते मशीन स्वतःच कॉइल बघून ठरवतं. म्हणून माझं म्हणणं कायम एकच, वॅटवर ठेवा आणि कॉइलवर वॅटचे जे दोन आकडे छापलेत त्यातल्या खालच्या आकड्याजवळ राहा. कापूस ओला असेतो करपत नाही. निरांजनातलं तूप संपलं की वात जळायला लागते आणि वास सुटतो, तसंच होतं इथे.

इतकं सोपं आहे. पण ऐकतंय कोण?

बुसैतीनहून एक म्हातारे हाजी येतात. अंगात पांढराशुभ्र पायघोळ थोब, गाडीतून उतरायला माणूस लागतो. त्यांनी मुलीला शब्द दिलाय की सिगरेट बंद. तर त्यांना असं सेटिंग हवं असतं की ओढल्यावर वाफ दिसूच नये, कारण मुलीला यातलंही काही माहीत नाही. पुण्याचे एक बँकवाले साहेब येतात. त्यांनी बायकोला सांगितलंय की दर आठवड्याला कमी करतोय. ते खरंच दर आठवड्याला वॅट एकेक उतरवतात, आणि तेवढाच लांब झुरका घेतात. मी एकदा म्हटलं, साहेब, वॅट उतरवून निकोटिन उतरत नाही, ते बाटलीत आहे. तर म्हणाले, "माहिती आहे हो काका. पण आकडा कमी दिसला की घरी बरं वाटतं." मी हात टेकले.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, माझ्या दुकानात रिकाम्या हातानं कुणीच येत नाही. प्रत्येकानं कुणाला तरी शब्द दिलेला असतो, बायकोला, डॉक्टरला, आईला. शब्द मोडायचा नसतो आणि सवयही सोडायची नसते. ती मधली फट मी विकतो. हे कळल्यावर काही दिवस मला दुकानात बसवेना. मग सवय झाली, पोटापाण्याला सगळ्याची सवय होते.

दिगूनं मात्र शब्द माणसाला दिला नव्हता.

दिगंबर हा कणकवलीच्या अलीकडच्या एका गावचा. इथे गोड्या पाण्याचा टँकर चालवायचा, अजूनही चालवतो. राहायला सलमाबादला, पण आमच्या गल्लीतल्या इमारतींना पाणी टाकायला यायचा. पाइप लावून दिला की टाकी भरेपर्यंत याला काम नाही, मग दुकानाच्या दारात उभा राहून बिडी ओढायचा. अबू खलील वैतागायचा. व्हेपच्या दुकानाच्या दारात बिडी, म्हणजे मिठाईवाल्याच्या ओट्यावर बसून घरचा डबा खाल्ल्यासारखं. एक दिवस सुट्टीवरून परत आला आणि बिडीशिवाय सरळ आत शिरला.

"काकानु, ह्याच्यात इस्तव असता काय?"

इस्तव म्हणजे विस्तव. मी म्हटलं, नाही, तार तापते, जाळ नाही.

"जाळ नाय, खरा? शपथ?"

"अरे, दुकानात बसून मी शपथा घालू का? नाही म्हणतोय ना."

मग त्यानं सांगितलं. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. या सुट्टीत त्यानं गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. देवळात गुरव देवापुढे उभा राहून तुमच्या वतीनं बोलतो आणि मागे जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात, ते गाऱ्हाणं. त्यात दिगू बोलून गेला की बाळ हातात येईपर्यंत तोंडाकडे इस्तव नेणार नाही. बिडी म्हटलं नाही, तंबाखू म्हटलं नाही, इस्तव म्हटलं. आणि इथे उतरल्यापासून त्याचं डोकं त्या एका शब्दाभोवती फिरत होतं.

मला हसू आलं होतं, पण मी हसलो नाही. त्याचा चेहराच तसा होता. बायकोला तिसरा महिना लागला होता.

मी त्याला एक साधं मशीन दिलं, जास्त ओमची कॉइल बसवली, वॅटवर लावलं आणि आकडा अगदी खाली ठेवला. तव्याचं सांगितलं, निरांजनाचंही सांगितलं. तो देवळातल्यासारखा ऐकत होता. फक्त एकच गोष्ट त्याच्या मनातून जाईना. "वॅट बल्बाचे असतत काकानु. बॅटरी व्होल्टावर चलता. माझ्या टँकरची बॅटरी किती वॅटची म्हणान कोणी इचारता काय?" मी म्हटलं, टँकरची बॅटरी तू तोंडात धरत नाहीस. तर तो खो खो हसला आणि गेला.

दोन-अडीच महिने बरे गेले. यायचा, ज्यूस घ्यायचा, फोनवर बायकोचा फोटो दाखवायचा. पोट दिसायला लागलं होतं. माउलीचा चेहरा सुकलेला, पण डोळे हसरे. "ह्या टायमाक टिकतला," असं तो म्हणायचा, आणि म्हणून झाल्यावर लगेच काउंटरच्या लाकडाला हात लावायचा.

मग एक दुपार आली. बाहेर ऊन असं की गल्लीत कुत्रं नाही. टँकर रस्त्यात तिरका उभा करून, इंजिन चालू ठेवून दिगू आत आला आणि मशीन काउंटरवर ठेवलं.

"काकानु, ह्या उघडा."

"काय झालं?"

"उघडा आधी. कापूस जळलो काय नाय, एवढाच सांगा."

सकाळी काय झालं होतं ते तो उभ्या उभ्याच बोलला. कॉइल संपली म्हणून त्यानं दुसऱ्या एका दुकानातून घेतली, कमी ओमची. मशीन त्यानं कधीचंच व्होल्टवर नेऊन ठेवलं होतं, टँकरच्या बॅटरीचा हिशोब त्याच्या डोक्यातून गेलाच नव्हता. नवी कॉइल, जुने व्होल्ट. पहिल्या झुरक्यालाच घशात चरका बसला आणि तोंडात धुराची चव आली. वाफेची नाही, धुराची. तो टँकर बाजूला घेऊन खोकत होता तेवढ्यात गावाहून भावाचा फोन आला. घरकारणीला रक्त जायला लागलंय, हॉस्पिटलात नेलंय.

"जळलो काय, सांगा."

मी मशीन उघडलं. उघडायचीसुद्धा गरज नव्हती, वासावरूनच कळत होतं. कापूस मधोमध काळा ठिक्कर, चिमटीत धरल्यावर भुगा झाला.

आता ऐका. मला पळवाट होती. गोड ज्यूसमुळे कॉइलवर काळा थर चढतो, साखर करपल्यासारखा. रोज बघतो मी तो. "अरे वेड्या, ही साखर आहे, कापूस नाही जळला," एवढं म्हटलं असतं तर त्यानं मानलं असतं. माझ्या शब्दावर त्याचा तेवढा भरवसा होता. आणि नवसाबिवसावर माझा स्वतःचा काही फार विश्वास नाही. तिकडे पोटातल्या जिवाचा आणि इथल्या कापसाचा काय संबंध? डॉक्टर काय करायचं ते करत असतील. खोटं बोलावं आणि त्याला टँकरवर पाठवावं, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं.

पण त्यानं मला डॉक्टर म्हणून विचारलं नव्हतं, देव म्हणून विचारलं नव्हतं. कापसाचं विचारलं होतं. आणि कापसाचं मला कळतं. तेवढं एकच मला या दुनियेत नक्की कळतं.

"जळलाय," मी म्हटलं.

दिगू खोक्यावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला. "अरे, त्याचा तिच्याशी काही संबंध नसतो," असं काहीतरी मी पुटपुटलो, ते मलाच पोकळ वाटलं. अबू खलील मागच्या खोलीतून आला, दिगूकडे बघितलं, बाहेर जाऊन टँकर स्वतः बाजूला लावला आणि इंजिन बंद करून किल्ली आणून दिली.

मग दिगूनं फोन काढला आणि गावच्या गुरवाला व्हिडिओ लावला. भिकाजी गुरव, सत्तरीचा माणूस, देवळाच्या पडवीत बसलेला. तिकडे दिवेलागणीची वेळ होत आली होती. दिगूनं रडत रडत सगळं सांगितलं, वॅटचं, व्होल्टचं, कॉइलचं. म्हाताऱ्याला त्यातलं काय कळलं देव जाणे.

"ता यंत्र दाखय बघूया," तो म्हणाला. मी मशीन फोनपुढे धरलं, जळलेला कापूसही.

"तुमी कोण?"

"दुकानदार. मीच दिलं त्याला."

"ह्याच्यात तंबाखूचा कायतरी असता मां?"

"असतं."

म्हाताऱ्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "दिगू, देवासमोर उभो होतंस तेव्हा तुझ्या मनात काय होता, इस्तव काय बिडी?"

दिगू टोपीची शिवण चाचपायला लागला.

"सांग मरे."

"बिडी."

"मगे देवाक काय येडो समाजलंस? कापूस आज जळलो. तू पयल्या दिवसापासून देवाक फसवतंस." मग आवाज उतरवून म्हणाला, "रडा नको. देव कोर्ट नाय, शब्दात धरूक. उठ, हात जोड. मागे कोण आसा? व्हय म्हणूक माणसा होयी."

मागे कोण असणार? मी आणि अबू खलील. मी अबूला हिंदीत घाईघाईनं सांगितलं, याच्या बायकोसाठी प्रार्थना आहे, म्हातारा थांबला की आपण हे दोन शब्द म्हणायचे. त्यानं ते दोन शब्द माझ्याकडून दोनदा म्हणून घेतले. मग दाराची पाटी उलटी करून आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा, तुझा लेकरू आज दर्यापलीकडसून तुका हाक मारता हा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या हातसून कळत नकळत जी चूक झाली आसात, ती पायाखाली घे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आजपासून बाळ हातात येयसर हो बिडीक आणि त्या यंत्राक, दोघांकय हात लावचो नाय म्हाराजा..."

दिगूचा आवाज सगळ्यात मोठा. अबू खलीलचा 'म्हाराजा' घशातून, खास अरबी. शेवटच्या "पोटातलो जीव सुखरूप भायर येवंदे" ला तो व्हय म्हाराजा म्हणाला आणि वर सवयीनं "आमीन" म्हणाला. तिकडून म्हाताऱ्यानं मान डोलावली. चारी बाजूंना ज्यूसच्या बाटल्या, आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी, आणि मध्ये आम्ही तिघे हात जोडून. नवसावर विश्वास नाही म्हणणारा मी, माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

दिगूनं मशीन उचलून माझ्या हातात दिलं. "ह्या तुमच्याकडेच ऱ्हवांदे." मी त्याच्यासमोरच ते खणात टाकलं.

तिकडे रक्त थांबलं. डॉक्टरांनी बायकोला झोपून राहायला सांगितलं. इकडे दिगूचे हाल सुरू झाले. डोकं दुखायचं, झोप नाही, टँकरवर येता-जाता सगळ्यांशी भांडणं. पाइप लावला की दारात यायचा आणि माझ्यावर घसरायचा. "तुमी एवढासा खोटा बोलला असतास तर तुमचा काय जाता होता?" मी ऐकून घ्यायचो. एकदा मात्र माझंही डोकं सटकलं. म्हटलं, "अरे बाबा, मला काय हौस आहे का? रोज दोनशे जणांशी गोड बोलून माल विकतो मी, तुझ्याशी एकट्याशी खरं बोललो तर तूच शिव्या घाल!" त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "चाय घेतास?" तेव्हापासून आमचा चहा सुरू झाला.

मुलगी झाली. वेळेच्या थोडी आधी, वजन कमी, पण रडली म्हणे अशी की अख्खा वॉर्ड जागा झाला. दिगू सुट्टी घेऊन गेला, नवस फेडला, बारसं केलं आणि परत आला. मला मालवणी खाजा आणि अबू खलीलला देवळातला नारळ. अबूनं तो नारळ घरी नेला.

खाजा खाऊन झाला, मुलीचे फोटो बघून झाले. मग दिगू काउंटरवर कोपर टेकून, जरा खालच्या आवाजात म्हणाला, "काकानु, नवस फिटलो. बाळ हातात इला. आता माझा ता मशीन काढा."

बरोबर होतं त्याचं. शब्द तेवढ्यापुरताच होता. वस्तू त्याची, हक्क त्याचा. चांगली कॉइल बसवून, वॅटवर लावून त्याला देणं हे माझं काम. इतकी वर्षं तेच करत आलोय. खण माझ्या उजव्या हाताखाली होता.

"मफी," मी इथल्या अरबीत 'नाही' म्हटलं. "खलास. गेलं ते."

"गेला? खय गेला?"

"विकलं. एक गिऱ्हाईक मागे लागलं, देऊन टाकलं."

दिगूनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे, मग हाताखालच्या खणाकडे. त्याच्या डोळ्यांदेखत टाकलं होतं मी ते तिथे. मागच्या भिंतीवर नवी मशीनं ओळीनं लावलेली होती, बोट दाखवलं असतं तर मला काढून द्यावं लागलं असतं. त्यानं बोट दाखवलं नाही. फोनवरचा मुलीचा फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "नाक माझ्यासारख्या हा मां?"

"नशीब तिचं," मी म्हटलं, आणि तो हसत टँकरकडे गेला.

ते मशीन अजून त्याच खणात आहे. मधूनमधून मी बघतो. गिऱ्हाइकांना मी रोज घसा कोरडा करून सांगतो की बॅटरी महिनोन्‌महिने तशीच ठेवू नका, चार्ज करत राहा, नाहीतर कायमची मरते. दिगूच्या मशीनचा दिवा आता लागत नाही. चार्जर हाताशी आहे, आणि मी लावलेला नाही.